परसातील कलम : शिरूर व दौंड तालुक्यांतील फळझाडांच्या नावांचा इतिहास

महाराष्ट्रातील फळबागायतीविषयी जे ऐतिहासिक लेखन झाले आहे, ते बहुतांशी कोकणच्या आंब्याभोवती आणि अलीकडे नाशिक-सोलापूरकडील द्राक्षे व डाळिंबे यांभोवती फिरते. भीमा आणि घोड या नद्यांच्या काठचा मुलूख, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर व दौंड हे दोन तालुके, या लेखनात क्वचितच डोकावतात. याचे कारण उघड आहे. वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात कालव्यांचे पाणी येईपर्यंत बाग म्हणण्याजोगे फारसे काही नव्हते. भीमथडी प्रसिद्ध होती ती तट्टांबद्दल, फळांबद्दल नव्हे.

तथापि बाग नव्हती म्हणून फळझाड नव्हते, असे मात्र नाही. न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेले लिंबू किंवा पेरू, विहिरीच्या थारोळ्याजवळचा आंबा, बांधावरची बोर आणि गावकुसाबाहेरची चिंच ही या मुलखातील फळबाग होय. बागेचा उल्लेख सनदेत येतो, साऱ्याच्या आकारणीत येतो. न्हाणीमागच्या झाडाचा उल्लेख कोठेच येत नाही, कारण त्यावर कोणी कर बसविला नाही आणि ते कोणी इनामही दिले नाही. अशा एकेकट्या झाडाचा इतिहास लिहावयाचा तर दप्तराबाहेरचे साधन हाती घ्यावे लागते. ते साधन म्हणजे नावे: गावांची, फळांची आणि झाडावर माणूस जे काही करतो त्या क्रियांची. या नावांकडे लक्ष दिले असता एक गोष्ट ध्यानात येते. कलम बांधण्याची कला परसात आली, तेव्हा केवळ फळ सुधारले नाही, तर झाडाला नाव देण्याची रीतच पालटली.

प्रथम गावांची नावे पाहू जाता, दौंड तालुक्यात बोरीभडक, बोरीपारधी आणि बोरीबेल अशी बोरीवरून पडलेली तीन नावे आढळतात. शिरूर तालुक्यात जांबूत, आंबळे, चिंचणी, निमोणे, पिंपरखेड, करंजावणे, बाभुळसर ही गावे आहेत. स्थलनामांवरून निष्कर्ष काढताना सावधपणा अवश्य ठेवावा लागतो. आंबळे हे नाव आंब्यावरून आले की आवळ्यावरून, याविषयी दोन्ही पक्ष मांडता येतील. आणि गावाला जांभळीचे नाव असणे म्हणजे तेथे जांभळीची लागवड होती असे नव्हे. उलट, एखादे झाड गावाची ओळख ठरते ते बहुधा एकटे उठून दिसते म्हणूनच. तरीही बोर, जांभूळ, चिंच, लिंब, पिंपळ, करंज, बाभूळ ही सगळी झाडे माणसाच्या हाताशिवाय, बीपासून, या जमिनीत उभी राहणारी आहेत, हे दुर्लक्षिता येत नाही. शिरूर तालुक्यातील निमगाव म्हाळुंगी या नावाचा उत्तरार्ध मात्र कुतूहल जागे करतो. म्हाळुंग म्हणजे संस्कृत मातुलुंग, कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हातातील फळ. गावाच्या नावाचा या फळाशी खरोखर संबंध असेल तर ते परसातल्या, पाणी घातलेल्या झाडाचे नाव ठरेल. परंतु तसे निश्चयाने म्हणता येत नाही.

नदीकाठच्या मळईच्या जमिनीत आणि मोटेच्या विहिरींवर जे आंबे होते, ते रायवळ, म्हणजे कोयीपासून उगवलेले. कोयीपासून उगवलेल्या आंब्याचा स्वभाव असा की, तो बापाच्या वळणावर जाईलच असे नाही. प्रत्येक कोयीतून निघणारे झाड चवीला, आकाराला, रंगाला स्वतंत्र निघते. म्हणून रायवळ आंब्यांत जाती नसतात, व्यक्ती असतात. शेंदऱ्या, खोबऱ्या, शेप्या, साखऱ्या, गोटी ही देशावर सर्वत्र ऐकू येणारी नावे जातिवाचक वाटतात. वस्तुतः ती विशेषनामे आहेत. एका गावचा शेप्या दुसऱ्या गावच्या शेप्याचा कोणी लागत नाही. दोघांच्या रसाला शेपूचा वास येतो, एवढेच त्यांचे नाते. घरातली माणसे अमक्या आंब्याचा पाड लागला असे म्हणत, तेव्हा तो एकच खोड असलेला, एकाच विहिरीवरचा आंबा असे.

अशा झाडाला काळही मोठा लागतो. आठ-दहा वर्षे मोहराची वाट पाहावी लागते आणि भरास यावयास त्याहून अधिक. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठी लाकूड तोडण्याविषयीचा जो भाग आहे, त्याचे मर्म या संदर्भात ध्यानात येते. आंबा व फणस यांचे लाकूड आरमाराच्या उपयोगाचे, परंतु त्यांना हात लावू देऊ नये. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होणारी नव्हेत, प्रजेने ती लेकरांप्रमाणे जोपासलेली असतात. झाड जीर्ण झाले असेल तर धन्यास राजी करून, मोबदला देऊन ते घ्यावे, असा तेथील आशय आहे. या आज्ञेकडे सहसा राजनीतीचा किंवा आरमाराचा पुरावा म्हणून पाहिले जाते. बागायतीच्या इतिहासाच्या दृष्टीने ती आणखी एक गोष्ट सांगते: ज्यांना लेकरे म्हटले आहे ती बीपासून वाढविलेली झाडे होत. तोडलेल्या झाडाची जागा तसेच दुसरे झाड घेऊ शकत नाही, हे गृहीत धरूनच ही भाषा वापरलेली आहे.

याचा अर्थ कलमाची कल्पना या देशात नव्हती असा मात्र नाही. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त, म्हणजे सहाव्या शतकात, वृक्षायुर्वेदाच्या अध्यायात कांडापासून लावावयाच्या झाडांची यादी आहे. फणस, अशोक, केळ, जांभूळ, डाळिंब, द्राक्ष, म्हाळुंग इत्यादी झाडे तीत येतात. फांदीला शेणाचा लेप द्यावा, आणि एका झाडाचे मूळ तोडून किंवा खोडावर दुसऱ्याचे रोपण करावे, असेही तेथे सांगितले आहे. या यादीत आंबा नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे. ग्रंथात जे सांगितले आहे ते भीमाकाठच्या परसात कोणी करीत होते काय, हा प्रश्न वेगळा. शास्त्र आणि व्यवहार यांच्यामधले अंतर भाषाच दाखविते. त्या शास्त्रातील ‘रोपण’ हा शब्द मराठीत रोप, रोपणे, रोपवाटिका अशा रूपांनी राहिला. पण त्याचा अर्थ लावणे एवढाच उरला, जोडणे हा राहिला नाही. जोडण्याच्या क्रियेसाठी मराठीने जो शब्द घेतला तो पूर्णपणे दुसऱ्या वाटेने आला.

तो शब्द कलम. ग्रीक भाषेत कालामोस म्हणजे बोरू. तो अरबीत कलम झाला आणि फारसीमार्फत दख्खनच्या दरबारी व्यवहारात आला. बोरू तासून त्याचे टोक तिरपे कापले म्हणजे लेखणी होते. फांदी तशीच तिरपी कापून जमिनीत खोचली किंवा दुसऱ्या खोडाशी बसविली म्हणजे झाडाचे कलम होते. दोन्ही अर्थांच्या मुळाशी चाकूची तीच एक चाल आहे. शिरच्छेदासाठी ‘कलम करणे’ हा प्रयोग होतो, त्याचेही मूळ तेथेच. पेशवे दप्तरातील कागद चाळणाऱ्या अभ्यासकाला कलमे पानोपानी भेटतात, पण ती हिशेबाची आणि करारमदाराची. झाडाची कलमे शोधणाऱ्याची या शब्दाने पुष्कळदा फसगत होते, हेही नमूद करावयास हवे.

नाम परके आले, तरी त्याच्याभोवतीची क्रियापदे घरचीच राहिली. मराठी माणूस कलम बांधतो, डोळा भरतो, गुटी बांधतो, फांदी दाबतो. कलम लागते, धरते, फुटते किंवा बसते. मुळे असलेल्या खालच्या झाडाला खुंट म्हणावयाचे आणि वरच्या फांदीला कलमकाडी किंवा डोळकाडी. खुंट आणि खुंटणे हे एकाच कुळातले शब्द, व नेमके खुंटविलेले झाडच येथे दुसऱ्याला वाढविते. प्रकारांची नावेही तशीच हातावेगळ्या झालेल्या कामाची आहेत: भेटकलम, पाचर कलम, दाब कलम, गुटी कलम. बोरीचा डोळा भरताना सालीचा चौकोनी तुकडा काढून त्या जागी दुसरा बसवितात, त्या पद्धतीला ठिगळ म्हणतात. उत्तरेकडे कलमाला पैवंद हा फारसी शब्द आहे, आणि त्याचाही एक अर्थ कपड्याला लावलेले ठिगळ असाच. एकाने दुसऱ्याचे भाषांतर केले असे मानण्याचे कारण नाही; फाटके सांधणाऱ्या दोन घरांत तीच उपमा आपोआप सुचली असावी.

गुटीची कथा त्याहून मौजेची आहे. फांदीची साल कड्यासारखी काढून त्याभोवती ओल्या मातीचा गोळा गुंडाळावयाचा व मुळे फुटली की फांदी खालून कापावयाची, ही पद्धत इंग्रज बागवानांनी हिंदुस्थानात पाहिली आणि तिचे देशी नावही उचलले. १८६० नंतरच्या दशकात बंगालमधील फर्मिंजर यांनी लिहिलेल्या बागकामाच्या प्रसिद्ध ग्रंथात ती ‘गूटी’ या नावानेच वर्णिलेली आहे. परसातल्या शब्दाने इंग्रजीत प्रवेश केल्याची उदाहरणे थोडी आहेत; त्यांत हे एक गणावे लागेल.

आंब्याचे भेटकलम आणि त्याबरोबर आलेली नावे मात्र पश्चिम किनाऱ्यावरून घाट चढून आली. गोव्यात १५६३ मध्ये छापलेल्या गार्सिया द ओर्ता याच्या ग्रंथात आंब्याचे विस्तृत वर्णन आहे. आंब्याची उत्तम झाडे भेटकलमाने जशीच्या तशी वाढविण्याचे काम गोव्यात पोर्तुगीजांनी, विशेषतः जेझुइट पाद्र्यांनी, पुढे चिकाटीने केले. कुंडीतील वर्षभराचे रोप मोठ्या झाडाच्या फांदीजवळ मंचकावर ठेवावयाचे, दोहोंची साल व थोडे लाकूड एका लांबीत तासून ती एकमेकांस भिडवावयाची, केळीच्या सोपटाने किंवा सुतळीने आवळावयाची, आणि दोन-तीन महिन्यांनी सांधा जुळला की फांदी मूळ झाडापासून टप्प्याटप्प्याने तोडावयाची. कापण्यापूर्वी दोन्ही झाडे आपापल्या मुळांवर जिवंत असतात. म्हणून मराठीने त्याला भेट म्हटले. याहून नेमके नाव कोणत्याही परिभाषा-समितीला सुचले असते असे वाटत नाही.

या कलमांबरोबर जी नावे आली, ती माणसांची होती. अफोंसो या नावापासून आफूस व हापूस झाला. येथे फ-काराच्या जागी प-कार आणि शब्दारंभी ह-कार येणे हे मराठी उच्चाराच्या सवयीला धरूनच आहे. पेरेस या आडनावापासून पायरी झाली, आणि तिला जिन्याच्या पायरीचा आधार मिळाल्यामुळे तिचे परकेपण पार पुसले गेले. मानकुराद हे नाव ‘वाईट रंगाचा’ या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दाचा अपभ्रंश समजले जाते. आता ते गोव्यात सर्वांत मानाच्या आंब्याचे नाव आहे. येथे नावाच्या स्वरूपात पडलेला फरक पाहण्यासारखा आहे. अफोंसो हा एक मनुष्य, त्याच्या नावाचे प्रथम एकच झाड. परंतु त्याची कलमे हजारोंनी झाल्यावर ते नाव कोणत्याच एका झाडाचे राहिले नाही. शेप्या म्हणजे हे झाड, हापूस म्हणजे हा प्रकार. व्याकरणातील विशेषनाम आणि सामान्यनाम यांमधील सीमारेषा चाकूच्या एका चिरेने ओलांडली गेली.

बीने आलेली फळे देशी नावे घेतात आणि कलमाने आलेली परकी नावे टिकवितात, असा नियम करण्याचा मोह होतो. सीताफळ व रामफळ ही अमेरिकेतून आलेली झाडे. सीताफळ तर बीपासून उगवून माळावर इतके रुजले की भारहूतच्या शिल्पांत ते कोरले असल्याचा तर्क कनिंगहॅम यांनी केला. पण पेरू, पपई, काजू आणि अननस हा नियम टिकू देत नाहीत. पेरू बीनेच पसरला, तरी त्याचे नाव पोर्तुगीज पेरा, म्हणजे नासपती, हेच राहिले. चिकूचे नाव मेक्सिकोतील नहुआत्ल भाषेतून स्पॅनिशमार्फत आले, आणि त्याचे कलम येथे बांधतात ते खिरणीच्या, म्हणजे क्षीरिणीच्या, खुंटावर. नियम नसला तरी असा योगायोग भाषेच्या अभ्यासकाला सुखवितो, इतकेच.

घाटावरच्या पूर्वभागात ही कलमे केव्हा पोहोचली, याचा एकच एक दिवस सांगता येणार नाही; कोणत्या सोयींनी ती पोहोचू शकली, ते सांगता येते. पुण्याहून सोलापूरकडे जाणारा लोहमार्ग १८६० पर्यंत पुरा झाला व १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू होऊन दौंड जंक्शन बनले. पुण्यात गणेशखिंडीचे सरकारी वनस्पतिउद्यान १८७३ मध्ये स्थापन झाले. तेथील अधीक्षक वुड्रो यांनी हिंदुस्थानातील बागकामावर लिहिले आणि आंब्याच्या जातींवरही. विसाव्या शतकाच्या आरंभी पुण्याचे कृषी महाविद्यालय उभे राहिले. बर्न्स व प्रयाग यांचे आंब्यावरील पुस्तक त्याच परंपरेतले. यापेक्षाही महत्त्वाचे पाणी. खडकवासल्याच्या धरणातून निघालेला मुठा उजवा कालवा दौंड तालुक्यातील पाटसपर्यंत आला आणि यवत, केडगाव, वरवंडकडच्या पट्ट्याला बागायतीचे तोंड दिसले. शिरूरला ती संधी पुष्कळ उशिरा मिळाली. चिंचणीजवळचे घोड धरण १९६५ च्या सुमारास पुरे झाले.

कालवा मात्र परसात आला नाही. तो उसाच्या फडात गेला. कलमी झाड परसातच राहिले, आणि त्यात आश्चर्य नाही. उसाला पैसा लवकर मिळतो. कलमाला रोजचा डोळा हवा. पहिल्या वर्षी खुंटाला फुटणारे कोंब काढावयाचे, सांध्याची गाठ सैल करावयाची, उन्हाळ्यात सावली करावयाची, शेळीपासून जपावयाचे. ही कामे शेतावरच्या गड्याकडून होत नाहीत. ती न्हाणीकडे दहा वेळा जाणाऱ्या घरच्या बाईकडून होतात. परसाच्या इतिहासात तिचे नाव कोठेच नाही, आणि कृषी खात्याच्या पुस्तिकांतही ‘बागाईतदार’ पुल्लिंगीच आहे.

पुणे जिल्ह्यात नावांच्या या स्थित्यंतराचे सर्वांत स्पष्ट उदाहरण डाळिंबाचे आहे. आळंदीचे डाळिंब जुने. त्याच्या बीपासून वाढविलेल्या झाडांतून डॉ. चीमा यांनी गणेशखिंडीत १९३६ मध्ये एक झाड निवडले. प्रथम त्याला उद्यानाच्या इंग्रजी आद्याक्षरांचे व एक क्रमांकाचे नाव होते. १९७० मध्ये ते ‘गणेश’ झाले. गाव, मग आकडा, मग देव: एका झाडाच्या तीन नावांत शंभर वर्षांची बागायत सामावली आहे. गणेश व पुढे राहुरीच्या विद्यापीठाने पुरस्कारिलेला भगवा यांची गुटी कलमे जिल्ह्याच्या कोरड्या पूर्वभागाला मानवली. १९९० मध्ये रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवड जोडली गेल्यावर शासनमान्य रोपवाटिकांतील कलम शेताच्या बांधापलीकडे गेले. परंतु एका झाडाच्या लक्षावधी प्रती झाल्या म्हणजे त्या झाडाची दुर्बलताही लक्षावधी ठिकाणी जाते. डाळिंबावरील तेल्या हा जिवाणुजन्य रोग रोगट गुट्यांबरोबर एका बागेतून दुसऱ्या बागेत गेला. बीपासूनच्या शंभर झाडांत शंभर स्वभाव असतात, आणि त्यांतले काही कदाचित तग धरतात; कलमाच्या शंभर झाडांत स्वभाव एकच.

रायवळ आंब्याची हानी याहून मुकी आहे. विहिरीवरचा शेप्या वठला, किंवा वाटणीत खोड विकले गेले, की झाडाबरोबर नावही जाते, कारण त्या नावाला दुसरे झाडच नसते. हापूस एका ठिकाणी तोडला तरी हापूस जात नाही. हे सर्व कलमाच्या माथी मारणे सोपे आहे, आणि गावरान वाणांविषयी हळहळणारे लेखन तसे करतेही. परंतु तो शेप्या वाचवावयाचा असेल तर त्याची कोय पेरून भागत नाही. कोयीतून निघेल तो दुसराच कोणी. त्याची काडी घेऊन कोवळ्या रोपावर पाचर कलम बांधणे हाच एक उपाय. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने १९७० नंतर रूढ केलेले कोय कलम, ज्यात कोयीतून नुकत्याच उगवलेल्या तांबूस पानांच्या रोपावर तीन-चार महिन्यांची काडी पावसाळ्यात बसवितात, ते परसात सहज जमण्याजोगे आहे. वाण व शेतकरी यांच्या हक्कांचे संरक्षण करणारा २००१ चा कायदाही येथे विचारात घ्यावा लागतो. त्याअन्वये शेतकऱ्याच्या वाणाची नोंद होऊ शकते, पण त्यासाठी वाणाला नाव हवे आणि त्याची झाडे एकसारखी निघावयास हवीत. म्हणजे शेप्याला कायद्यात उभे राहावयाचे तर त्याला आधी कलमी व्हावे लागेल, आणि त्याचे विशेषनाम सामान्यनाम करावे लागेल.

बोरीच्या बाबतीत गोष्ट आणखी निराळी. तिचे कलम बहुधा रोपवाटिकेत होत नाही, बांधावरच होते. आपोआप उगवलेली गावठी बोर उन्हाळ्याच्या अखेरीस जमिनीलगत खुंटवितात, पावसाबरोबर फुटलेल्या धुमाऱ्यांतला एक जोमदार ठेवतात व त्यावर उमराण किंवा कडाक्याचा डोळा भरतात. मूळ जुने, जमिनीत खोल गेलेले, आणि माथा नवा. दुष्काळी मुलखाला यापेक्षा शहाणी रीत सापडणे कठीण, कारण पाण्यासाठी धडपडण्याचे काम गावठी मुळाने आधीच करून ठेवलेले असते. ज्या झाडावरून बोरीभडक आणि बोरीबेल यांची नावे पडली, तेच झाड आज त्यांच्या बांधांवर खुंट म्हणून वावरते. फळ बाजारात जाते ते उमराण या नावाने. खुंटाला नाव नसते, तो नुसता गावठी. दोन वर्षे छाटणीकडे दुर्लक्ष झाले की सांध्याखालून त्याची फूट जोर धरते, वरची फांदी वाळते आणि पौषात पुन्हा बारीक, आंबटगोड बोरे धरतात. तेव्हा झाड गावठी झाले असे म्हणतात, जणू ते मुळात दुसरे काही होते.